सव्वा आठची भरती: नाशिकच्या एका गटाची देवबाग-निवती कयाक सफर

या प्रकरणात कुणाचं नाव घेतलेलं नाही. कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या नावा, कुणाकडून घेतल्या, कुठल्या वाडीत उतरलो, होडी कुणाची होती, हेही मुद्दाम सोडलं आहे. गटात सुरक्षेची वही माझ्याकडे होती. म्हणजे जे बिघडलं त्यातला बराच वाटा माझा, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

आम्ही अकरा जण. सगळ्यांत लहान मुलगी २४ वर्षांची, सगळ्यांत मोठे काका ५७ वर्षांचे, बँकेतून नुकतेच स्वेच्छानिवृत्त झालेले. दोघं सोडले तर सगळे डोंगरातले. साल्हेर, हरिहर, रतनगड दोन-तीनदा करून झालेले. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कयाक चालवायचं खूळ दोन हिवाळ्यांपूर्वी लागलं. रविवारी पहाटे सावरगावच्या बाजूला जमायचं, दोन तास वल्हवायचं आणि परतताना मिसळ. नाशिकमध्ये वल्हवणाऱ्याला एक आयतं स्फूर्तिस्थान आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगावचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला होता. त्याची नौका वेगळी, खेळ वेगळा, पण आमच्यातले दोघं त्याचं नाव घेतल्याशिवाय पाण्यात उतरत नसत.

दिवाळीनंतर कुणीतरी म्हणालं, धरण खूप झालं, आता समुद्र. बेटं, तंबू, वाळूवर रात्र. अंदमानचं नाव निघालं आणि विमानाच्या भाड्यापाशी थांबलं. मग मालवण ठरलं. नाशिकहून पुणे-कोल्हापूर मार्गे सहाशे किलोमीटरच्या घरात, टेम्पो ट्रॅव्हलरने एका रात्रीचा प्रवास. तारीख ठरली महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवार-रविवार-सोमवारची. सोमवारची सगळ्यांनी रजा टाकली, आणि मंगळवारी सकाळी नऊ जणांना कामावर हजर व्हायचं होतं. ही शेवटची गोष्ट वहीत नव्हती. असायला हवी होती.

माणशी खर्च ८,२०० रुपये. निम्मी रक्कम आगाऊ दिलेली, परत न मिळणारी.

अडचण

मूळ आराखडा असा होता: मालवणजवळच्या देवबागहून निघायचं, निवतीच्या समोर समुद्रात असलेल्या वेंगुर्ला रॉक्सपर्यंत वल्हवत जायचं, तिथे एक रात्र काढायची. दुसरी रात्र सिंधुदुर्ग किल्ल्यावर. कागदावर अंतर मोजलं तर धरणावरच्या आमच्या वेगाने सगळं बसत होतं. ताशी चार किलोमीटर, दोन तास सलग, मध्ये एक विसावा.

जानेवारीत एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा आराखडा पसरला आणि एकेक खांब ढासळायला लागला.

सिंधुदुर्ग किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त खुली. रात्री मुक्काम नाही, चूल पेटवणं तर सोडाच. शिवाय किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतं. तिथे खाली प्रवाळ आहे आणि कुठेही नांगर टाकून चालत नाही. एक रात्र गेली.

वेंगुर्ला रॉक्सचं दुखणं वेगळं. ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेले काळे कडे आणि माथ्यावर दीपगृह. वाळूचा किनारा नाही. प्यायला पाणी नाही. कड्यांतल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, त्यांच्या विणीच्या सुमारास अकरा जणांनी तंबू घेऊन तिथे जाणं बरोबर नाही. आणि जाऊन-येऊन चार तास उघड्या समुद्रात. धरणावर चार तास म्हणजे हात दुखणं. समुद्रात चार तास म्हणजे सकाळी एक वारा आणि येताना दुसरा.

वाऱ्याबद्दल इथे थोडं लांबवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हिवाळ्याच्या शेवटी कोकणात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, मतलई. समुद्र त्या वेळी ताटात ओतलेल्या दुधासारखा. जमीन तापली की वारा पालटतो. दहा-अकराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. देवबागहून निवतीला जाताना आपण दक्षिणेला जातो, म्हणजे हा वारा पाठीला. परतताना तोच वारा तोंडावर. धरणावर आम्ही दुपारी वल्हवलंच नव्हतं, कारण दुपारी मिसळ असायची.

तिसरी अडचण घरची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली होती, दोघांचा जीव गेला होता. ती बातमी दोन आयांनी जपून ठेवली होती. "तुम्ही कुठल्या बोटीत असणार?" या प्रश्नाला "आमची आम्हीच वल्हवणार" हे उत्तर काही दिलासा देणारं नव्हतं.

समोरचे पर्याय

चार पर्याय निघाले, सगळे समान वजनाचे नव्हते.

सहल रद्द करायची, हे फक्त आमच्या गटातल्या डॉक्टरताई म्हणाल्या आणि तेही एकदाच. आगाऊ रकमेचा आकडा समोर आल्यावर त्या गप्प बसल्या. आज वाटतं, तो आकडा त्या टेबलावर यायलाच नको होता. बुडालेले पैसे आणि बुडायची भीती एकाच तागडीत टाकली की पैसे जड होतात.

बेटं धरून ठेवायची आणि सोबत मोठी यांत्रिक होडी घ्यायची, हा दुसरा. तरुण मंडळींचा ओढा इकडे. पण होडी सोबत असली म्हणून बेटावर वाळू येत नाही.

खाडीतच राहायचं, हा तिसरा. कर्ली नदीची खाडी, देवबाग आणि कोरजाईमधलं शांत पाणी, मधला रेतीचा उंचवटा ज्याला हल्ली सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, आणि कांदळवन. सुरक्षित, सुंदर, आणि आमच्या मते "हे तर धरणच की". असं मत आमचं होतं, खाडीचं नव्हे.

चौथा मधला मार्ग: पहिला दिवस खाडीत सराव, दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडातून बाहेर पडून किनाऱ्याला धरून भोगवे गावावरून किल्ले निवतीपर्यंत, पाचेक किलोमीटर. तिथे किनाऱ्यामागच्या माडाच्या वाडीत मालकाच्या परवानगीने तंबू. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने परत. जाताना डाव्या, येताना उजव्या हाताला सतत वाळू. काही झालं तर किनारा गाठता येतो. सोबत एक होडी, ती चालवणारा तांडेल आणि एक पोरगा.

चौथा निवडला. ही निवड चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. गाडं अडलं ते निवड आणि वेळापत्रक यांच्या मधल्या जागेत.

तयारी

काही गोष्टी नीट केल्या. सागरी पोलीस ठाण्यात नावं, फोन आणि परतायची वेळ लिहून दिली. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि दोघांच्या मनगटावर मार्करने लिहिलेला. माणशी दिवसाला चार लिटर पाणी. लाइफ जॅकेट पाण्यात असेपर्यंत काढायचं नाही, आणि मांडीखालचा पट्टा बांधायचाच. हा पट्टा सगळ्यांना काचतो, म्हणून सगळे तो सोडतात, आणि मग माणूस पाण्यात पडला की जॅकेट कानांपर्यंत वर येतं. फेब्रुवारी हा कासवांच्या विणीचा काळ, ऑलिव्ह रिडले कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. म्हणून वाळूवर शेकोटी नाही, तंबू वाडीत, आणि किनाऱ्याकडे बॅटरी मारायची नाही.

एक गोष्ट अर्धी केली. कयाक उलटल्यावर पाण्यातून परत वर कसं चढायचं, याचा सराव गंगापूरला ठेवला होता. जानेवारीची सकाळ, गोदावरीचं पाणी बर्फासारखं. चोवीस वर्षांची ती मुलगी आणि तिचा जोडीदार उतरले, उलटले, चढले, दात वाजवत काठावर आले. बाकी नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. "मालवणला पाणी कोमट असतं, तिथे करू," असं मीच म्हणालो.

तिथेही केलं नाही.

कयाक भाड्याच्या, वर बसायच्या जातीच्या: चार दोघांच्या, तीन एकट्याच्या. समुद्रात लांब जायच्या खऱ्या कयाक वेगळ्या असतात. लांब, अरुंद, पुढेमागे पाणीबंद कप्पे असलेल्या, सामान आत बसतं. आमच्या कयाकमध्ये सामान बसत नव्हतं. म्हणून सामान होडीत. हा निर्णय दोन मिनिटांत झाला आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

पहिले दोन दिवस

शनिवार खाडीत गेला. रविवारी सकाळी साडेआठला तोंडातून बाहेर पडलो. तोंड म्हणजे जिथे देवबागची वाळूची जीभ संपते आणि कर्ली समुद्राला मिळते. ओहोटी नुकतीच लागली होती, पाण्यानेच आम्हाला अलगद बाहेर ओढलं. वारा पाठीशी नव्हता आणि समोरही नव्हता. दीड तासात निवती. एक समुद्री गरुड डोक्यावरून दोनदा गेला. वाळूवर उतरल्यावर काका म्हणाले, "हे एवढंच होतं?"

तांडेल मालवणीत म्हणाला, "आज दर्यान सोडल्यान तुमका. उद्या सकाळी साडेआठच्या आत तोंडार येवा. मगे ओहोटी लागतली, वरसून वारो. तोंडार पाणी उभा रवता." त्याने हाताचा तळवा उभा करून दाखवला. खाडीतून बाहेर पडणारं पाणी आणि समुद्राकडून येणारा वारा समोरासमोर आले की त्या उथळ जागी लाटा पुढे न सरकता जागच्या जागी उभ्या राहतात. मी मान हलवली. वहीत लिहिलं: ८.३०.

तांडेलाला वेळ कशी ठाऊक, हेही त्याने सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ निघते. उद्या एकादशी. अकरा पाऊण सव्वा आठ. सव्वा आठला पाणी भरलेलं, थांबलेलं. तेव्हा तोंडातून आत यायचं. सव्वा दोनला पूर्ण ओहोटी. माझ्या फोनमधल्या तक्त्याशी हे पंधरा मिनिटांच्या फरकाने जुळलं. गणित सोपं होतं: सातला निघायचं, सव्वा तास वल्हवायचं, सव्वा आठला आत.

आणखी कुणाला एकादशी ठाऊक होती? काकांना. त्यांना ती फराळासाठी ठाऊक होती.

सोमवारची सकाळ

साबुदाणा रात्री भिजवायचा राहिला होता. पहाटे साडेपाचला लक्षात आलं. काकांनी "मी केळ्यावर भागवतो" असं म्हटलंही, पण तिघींनी हट्ट धरला की तीन दिवसांच्या सहलीत काकांना उपाशी वल्हवायला लावणार नाही. गरम पाण्यात साबुदाणा भिजत घातला, तो चिकट झाला, पुन्हा निथळला, स्टोव्हचा गॅस संपत आला, दाण्याचं कूट पिशवीच्या तळाशी सापडलं. सगळे हसत होते. माडांमधून ऊन तिरपं येत होतं आणि कढईतून जिऱ्याचा वास. मी घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेआठ झाले होते, आणि माझ्या हातात खिचडीची वाटी होती.

पहिली निर्णयाची जागा ही. तांडेल होडीपाशी उभा होता. तो म्हणाला, "आता तोंडार जाव नकात. भोगव्याक उतरा, पिकअप सांगतंय." पिकअपवाल्याला फोन लावला. कयाक आणि माणसं भोगव्याहून रस्त्याने देवबागला, पूल गाठून वळसा घालून: तीन हजार रुपये. खर्चाची वही काकांकडे. ते म्हणाले, "होडीचे पैसे दिलेच आहेत की." कुणी विरोध केला नाही. मी म्हणालो, "तोंडाशी जाऊन बघू. वाटलं तर भोगव्याला उतरू."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. ऐकायला सावध, पण त्यात कुठे थांबायचं ते नाही. "वाटलं तर" म्हणजे कुणाला वाटलं तर? कशावरून?

तंबू गुंडाळून होडीत भरून निघेपर्यंत ८.५० झाले. होडी भरून वाकली होती. डॉक्टरताई आणि आणखी एक जण खांदे धरल्यामुळे होडीत बसले. म्हणजे नऊ जण पाण्यावर: तीन कयाक दोघांच्या, तीन एकट्याच्या. चौथी दोघांची रिकामी, होडीमागे बांधलेली.

भोगव्याच्या अर्ध्यात वारा पालटला. कुणी सांगायची गरज पडली नाही. गालावरचा गारवा गेला आणि नाळेवर, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकावर, थापट बसायला लागली. वेग निम्म्यावर आला. एकट्याच्या कयाकमधले दोघं मागे पडायला लागले, आणि पुढचे थांबेनात, कारण थांबलं की वारा मागे ढकलतो. नऊ जणांची ओळ तीनशे मीटर लांब झाली. उजवीकडे भोगव्याची वाळू, स्वच्छ, रिकामी, दोनशे मीटरवर. आम्ही तिच्या कडेकडेने जवळजवळ तासभर गेलो. त्या तासात कोणत्याही मिनिटाला वळता आलं असतं. प्रत्येक मिनिटाला तोंड आणखी जवळ दिसत होतं.

तोंडाशी

साडेदहाला पोचलो. मधोमध पाणी उभं होतं, तांडेलाने तळव्याने दाखवलं होतं तसंच. कंबरभर उंचीच्या लाटा, एका जागी उठणाऱ्या, पांढऱ्या माथ्याच्या. दोन्ही बाजूंना पाणी त्यामानाने शांत.

पुढची दोघांची कयाक, जिच्यात काका होते, ती सरळ मधे घुसली, कारण मधली वाट रविवारी ओळखीची झाली होती. दुसऱ्या लाटेला आडवी झाली आणि उलटली. तिच्यामागे चोवीस वर्षांची मुलगी आणि तिचा जोडीदार. ते मदतीला वळले आणि तेही उलटले.

आता इथे जे घडलं ते मी घड्याळासकट सांगू शकतो, कारण होडीतून डॉक्टरताईंच्या फोनवर ते टिपलं गेलं आहे. मुलगी आणि तिचा जोडीदार दोन मिनिटांच्या आत आपल्या कयाकवर परत चढले. एकाने पलीकडून धरली, दुसऱ्याने पोट टेकवून पाय मारत स्वतःला वर ओढलं, मग पहिल्याने तसंच. जानेवारीत दात वाजवत जे केलं, तेच. काका आणि त्यांचा साथीदार अकरा मिनिटं पाण्यात होते. कयाक धरून ठेवायची असते हे दोघांनाही ठाऊक होतं. एका लाटेने ती हातातून सुटली आणि ओहोटीबरोबर बाहेर निघून गेली. जॅकेटने त्यांना वर ठेवलं. काकांचा चष्मा गेला, पोटात खारं पाणी गेलं.

होडीला अकरा मिनिटं का लागली? ती आमच्या मागे होती, भरलेली होती, मागे एक कयाक बांधलेली होती, आणि तशा स्थितीत तिला लाटांमध्ये आडवं वळवलं असतं तर तीही गेली असती. तांडेलाने आधी मागची कयाक सोडून दिली, मग दोन तंबूंच्या पिशव्या पाण्यात टाकल्या, मग बाजूने वळसा घालून आला. त्याने केलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. आम्ही त्याच्या होडीवर दोन कामं लादली होती, सामान वाहायचं आणि माणसं उचलायची, आणि ती दोन कामं एकमेकांच्या आड आली.

बाकी पाच जण तांडेलाच्या ओरडण्यावरून भोगव्याच्या टोकाला वाळूवर चढले. मीही त्यांच्यात होतो.

परिणाम

कुणाला गंभीर इजा नाही. काकांना दुपारपर्यंत उलट्या झाल्या, हात थरथरत होते. डॉक्टरताईंनी त्यांना रात्रभर एकटं सोडलं नाही, कारण फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी दिसू शकतो. निघून गेलेली कयाक तासाभराने एका मासेमारी होडीने आणून दिली, मागे सोडलेली भोगव्याला लागली. तंबूच्या दोन पिशव्या मिळाल्या नाहीत. पिकअप शेवटी मागवावाच लागला. आता घाई आमची होती, म्हणून साडेचार हजार.

मंगळवारी कामावर पाचच जण गेले.

मालकाने कयाकवरच्या ओरखड्यांचे पैसे कापले, त्यावर थोडी हुज्जत झाली, मिटली. ते या प्रकरणाचा भाग नाही.

पुन्हा करायचं झालं तर

नाशिकला परतल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही त्याच टेबलावर बसलो. पहिला तास खिचडीवर गेला. खिचडीला दोष देणं सोपं होतं, आणि ज्या तिघींनी ती केली त्यांच्यावर तो चिकटत होता, म्हणून मी तो विषय थांबवला. उशीर कशानेही झाला असता. तंबूची दांडी अडकली असती, कुणाची चप्पल हरवली असती. डोंगरात दोन तास उशिरा निघालं तर उन्हात चढावं लागतं, पण डोंगर तोच असतो. आम्ही समुद्रालाही त्याच हिशेबात धरलं.

त्यामुळे पहिला बदल वेळेचा नव्हे, वेळ चुकल्यावर काय करायचं याचा. आता पत्रकात लिहिलं आहे: ७.२० पर्यंत पाण्यात नसलो तर रस्त्याने जायचं. चर्चा नाही. हे नाशिकला ठरवायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. वाळूवर सकाळी, हातात वाटी असताना, कुणीही शहाणं राहत नाही. मी तरी राहिलो नाही.

दुसरा, पिकअपचे पैसे खर्चात आधीच धरायचे. तीन हजार म्हणजे माणशी २७३ रुपये. ती रक्कम आधी भरलेली असती तर काकांनीच पिकअप बोलावला असता, अशी माझी खात्री आहे. ते कंजूष नाहीत, हिशेबी आहेत.

तिसरा, तांडेलाचा नकार म्हणजे नकार. त्याला आम्ही पैसे देत होतो, म्हणून त्याने सांगितलेलं आम्ही सल्ला म्हणून ऐकलं. इथे गटात अजून मतभेद आहेत. दोघांचं म्हणणं, तांडेलांना कयाकची सवय नसते, ते होडीच्या हिशेबाने बोलतात, अतिसावध असतात. असतील. पण त्या सकाळी त्याने जे सांगितलं ते मिनिटांसकट खरं ठरलं, आणि वेगळं मत असणाऱ्यांपैकी एकालाही भरतीची वेळ काढता येत नव्हती.

सामानाची होडी आणि सुरक्षेची होडी वेगळी, किंवा सामान रस्त्याने. यावर दुमत झालं नाही. ओळीत सर्वांत हळू वल्हवणाऱ्याला मागे टाकून कुणीही पुढे जायचं नाही, यावरही नाही.

सरावाचं मात्र मीच उभं राहून सांगितलं. ज्याने पाण्यात उतरून, उलटून, मदतीशिवाय परत चढून दाखवलं नाही तो समुद्रात येणार नाही, मग त्याने पैसे भरलेले असोत. दोन मिनिटं आणि अकरा मिनिटं, या दोन आकड्यांमध्ये दुसरा कसलाही फरक नव्हता. ती दोघं तरुण होती असं कुणी म्हणालं. काकांचा साथीदार एकतीस वर्षांचा आहे.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. भोगव्याच्या वाळूकडेने गेलो त्या तासात मी वळा म्हणून ओरडलो असतो, तर वाऱ्यात ते तीनशे मीटर पुढे पोचलं असतं का? शिट्टी होती. जॅकेटला बांधलेली होती. तिच्या किती फुंका म्हणजे वळायचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

पुढच्या माघातली तारीख काकांनी पंचांग घेऊन काढली आहे. परतीचा दिवस त्रयोदशी: तेरा पाऊण पावणेदहा. सातला निघालो तर तोंडाशी पोचू तेव्हा पाणी अजून दीड तास आत येत असेल, आणि वारा बहुतेक पालटलेला नसेल. मे महिन्यात गंगापूरला सात जणांनी चढून दाखवलं. काका तिसऱ्या प्रयत्नात, दोरीने बांधलेला नवा चष्मा सांभाळत. त्यांचा साथीदार आलेला नाही. त्याने पैसे परत मागितले, ते दिले. रविवारी मिसळीला तो येतो, पाण्यापाशी येत नाही.